ताई भेटेल का?

प्राध्यापक बायकोच्या उजव्या हाताची नखं कापत होते. करंगळीपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली,

"अहो, ताई भेटेल का मला?"

नेलकटर थांबलं. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. तिला जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा कुठे भेटेल हे वेगळं विचारायची गरज नव्हती. प्राध्यापकांनी चष्मा वर सरकवला.

"भेटणं म्हणजे आपण नेमकं काय समजतो, त्यावर ते अवलंबून आहे."

तिनं हात काढून घेतला.

"मी भेटणं म्हणजे भेटणं समजते. ताई तिकडे उभी, मी इकडे उभी."

"बरोबरच आहे तुझं. फक्त ते आपल्या भाषेत मावेल असं असेल का, एवढाच प्रश्न आहे."

"उभ्या संसारात तुम्ही कशाला धड हो म्हणाला नाहीत. दूध उतू जातंय का विचारलं, तरी म्हणाल, एका अर्थी."

ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. प्राध्यापकांनी तिला आधार देऊन बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागत होती.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. प्राध्यापक धर्मविद्यालयात चर्चचे पाळक होऊ घातलेल्या मंडळींना तत्त्वज्ञान शिकवत. उत्तराधुनिक विचार म्हणजे श्रद्धेच्या घरात शिरलेला चोर, असं तिथले बाकीचे शिक्षक मानत. प्राध्यापकांचं म्हणणं नेमकं उलटं होतं. ते वर्गात सांगत की आधुनिक माणसानं देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, पुरावे मागितले. आणि आपले धर्मपंडित इतके भोळे, की काळा कोट चढवून त्याची वकिली करायला धावले. हे नवे तत्त्वज्ञ एवढंच म्हणतात, की जगाबाहेर उभं राहून सगळं जग पाहू शकेल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. जो तो आपल्या खिडकीतून बघतो. मग ख्रिस्ती माणसानं यात घाबरावं असं काय आहे? सगळं पाहणारा एकच आणि तो आपण नव्हे, हे तर आपण पहिल्यापासून म्हणत आलो. खात्री ही मूर्ती आहे, ती फुटू द्या, विश्वासाला बसायला जागा होईल. विद्यार्थी माना डोलवत. प्राध्यापकांनाही आपलं बोलणं आवडत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

ताईला ते आवडलं नाही. ती संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवायची. वर्गाच्या भिंतीवर तिनं स्वतः रंगवलेलं स्वर्गाचं मोठं चित्र होतं. एका रविवारी प्राध्यापकांनी चर्चमध्ये सगळ्या मंडळीपुढे व्याख्यान दिलं आणि अशी चित्रं म्हणजे आपल्याच दिवाणखान्याचा नकाशा, असं ते म्हणून गेले. लोक हसले. ताई उठून गेली. संध्याकाळी ती घरी आली आणि चप्पलही न काढता बहिणीला म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या पोरांचा स्वर्ग पळवला." बहिणीला ते व्याख्यान अर्धंमुर्धंच कळलं होतं, पण नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून ती ताईला अडाणी म्हणाली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. ताईच्या अंत्यविधीला ती गेली, पण परक्यासारखी मागच्या बाकावर बसली.

आदल्या दिवशी डॉक्टर घरी येऊन तिला तपासून गेले होते. जाताना त्यांनी प्राध्यापकांना जिन्यापर्यंत नेलं आणि सांगितलं, की आता दुखणार नाही एवढंच पाहायचं, फार दिवस उरलेले नाहीत. फोनवर मुलगा म्हणाला, "बाबा, आईला यातलं काही कळू देऊ नका, ती हाय खाईल. मी सुट्टीचं बघतो." प्राध्यापकांनी काही कळू दिलं नव्हतं. गोलमोल बोलण्याची उभ्या जन्माची सवय कामी आली होती.

जेवणं झाल्यावर त्यांच्या चर्चचे पाळक आले. ते एकेकाळी प्राध्यापकांचे सर्वांत लाडके विद्यार्थी होते. आता त्यांचेही केस पिकले होते. प्राध्यापकांनी त्यांना आधी स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तिला सरळ सांग. ताई भेटेल म्हणून सांग. तुझ्या तोंडून तिला पटेल."

पाळकांनी हातातला पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला.

"कसं सांगू, सर? मरणाऱ्या माणसासमोर, आपल्याला जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मी आजवर ते पाळलंय."

"मी असं म्हणालो होतो?"

"दर वर्षी म्हणायचात. शेवटच्या तासाला."

"मग आज मोड."

"तुम्हीच सांगा ना, सर."

"माझ्यावर ती विश्वास ठेवेल होय?"

दोघंही देवाला मानणारे. त्याच्या नावावर दोघांनी आयुष्य काढलेलं. आणि आता फ्रिजपाशी उभे राहून एक साधं वाक्य कोणी बोलायचं, यावरून ते एकमेकांची तोंडं पाहत होते.

पलंगाशेजारी बसून पाळकांनी प्रार्थना केली. प्रार्थना सुरेख होती. जे आमच्या शब्दांत मावत नाही त्याच्या ओढीनं आम्ही तुझ्याकडे येतो, असं काहीसं त्यात होतं. आमेन म्हणून तिनं डोळे उघडले आणि विचारलं,

"ताई भेटेल का मला?"

पाळकांनी एकदा प्राध्यापकांकडे पाहिलं.

"आपण आशा धरतो, काकू."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

"आशा म्हणजे काही कमी नाही, काकू. आशा म्हणजे..."

"राहू द्या," ती हसून म्हणाली. "यांचे विद्यार्थी शोभता खरे."

पाळकही हसले. पण दाराशी बूट घालायला वाकले, ते बराच वेळ वर झालेच नाहीत. प्राध्यापक त्यांच्या पाठीकडे पाहत उभे राहिले. हा माणूस आपण घडवला, मेहनतीनं घडवला, आणि आता तो आपल्याच उपयोगाचा राहिला नाही, या विचारानं त्यांना रडूच कोसळायचं राहिलं.

ते आत आले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. प्राध्यापकांनी खुर्ची पलंगाला टेकवली आणि बसले.

"भेटेल," ते म्हणाले.

"काय?"

"ताई. भेटेल तुला. नक्की भेटेल."

ती सावकाश या कुशीवर वळली.

"कुठे?"

"फाटकाशी. मोठं फाटक आहे. तिथेच उभी असेल ती, तुझी वाट बघत."

"रागावलेली?"

"छे. राग केव्हाच गेला तिचा. उलट म्हणेल, किती उशीर केलास."

"आणि तुम्ही जे बोलला होतात ते? दिवाणखान्याचं?"

"त्याबद्दल मी आलो की माझे कान उपटेल. तुला नाही काही बोलणार."

"पांढऱ्या कपड्यांत असेल का?"

"हो."

"पांढरं कधी शोभलं नाही तिला," ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. प्राध्यापक बोलत राहिले. ताईचे गुडघे आता दुखत नाहीत, चालताना तिला कशाला धरावं लागत नाही. पुढे एक पायवाट आहे, तिच्या दोन्ही बाजूंना झाडं आहेत आणि दोघी बहिणी त्या वाटेनं बोलत बोलत जातील. एकदाही त्यांचा शब्द अडखळला नाही. आपल्याला हे असं बोलता येतं याचं त्यांना नवल वाटलं आणि मग वाटेनासं झालं.

ते थांबले तेव्हा ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"डॉक्टर तुमच्याशी वेगळं काही बोलले का?"

"का गं?"

"तुम्ही नक्की म्हणालात म्हणून विचारते."

प्राध्यापकांनी मान खाली घातली.

"किती दिवस म्हणाले?"

"थोडे."

"मग मुलाला बोलावून घ्या. सुट्टीची वाट बघू नको म्हणावं."

"हो."

"आणि ते ताईचं? ते तुम्हाला खरं वाटतं, का मला बरं वाटावं म्हणून सांगितलंत?"

हो म्हणणं सोपं होतं. आत्ताच इतक्यांदा म्हणून झालं होतं.

"सांगत होतो तोवर खरं वाटत होतं," ते म्हणाले.

तिनं यावर थोडा विचार केला. मग उशी नीट करून घेतली आणि डोळे मिटले.

"मग पुन्हा सांगा."

प्राध्यापकांनी घसा साफ केला. "मोठं फाटक आहे," ते म्हणाले. पुढचं वाक्य काही केल्या त्यांच्या तोंडून फुटेना. त्यांनी पुन्हा घसा साफ केला. ती डोळे मिटून ऐकायच्या तयारीत पडली होती.