नागाची जागा

केळीच्या बागेत माणूस थोडा आत शिरला की त्याचा आवाज बाहेर येत नाही. बाहेरची हाक मात्र आत येते.

*

नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, खणायचं नाही. चुलीवर तवा ठेवायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

*

शनवाऱ्यातल्या एका दुकानदारानं नवा गॉगल घेतला. बायको म्हणाली, "दुकानात ऊन येतं का तुमच्या?"

*

लीलाधरच्या चपला बांधावर राहिल्या. पूर्ण पावसाळा कुणी उचलल्या नाहीत.

*

व्हायरस आलेलं केळीचं झाड मुळासकट उपटावं लागतं. अशी बरीच उपटली, की बागेच्या मधोमध आभाळ दिसायला लागतं.

*

मोनालीच्या होणाऱ्या सासूनं विचारलं, "कन्यादानाला कोण बसेल?" मालूबाई म्हणाली, "कोण म्हणजे? तिचा काका आणि काकू. बापाच्या जागी तोच तर आहे."

*

आता ही सगळी गुरं एका दावणीला बांधू.

शेत निंबोल्याचं. मालक लीलाधर. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तो बागेतली वाळकी पानं काढायला शिरला आणि नाग त्याच्या पोटरीला डसला. बुऱ्हाणपूरला पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. शेत त्याच्या बायकोच्या, मालूबाईच्या नावावर चढलं. धाकटा भाऊ भूपेंद्र बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यात राहायचा. खतं-औषधांचं दुकान होतं त्याचं. तो शेत बघायला लागला. मालूबाईनं मात्र त्या दिवसापासून बागेत पाऊल टाकलं नाही. बाजार, देऊळ, नातेवाइकांची लग्नं, सगळीकडे ती जायची. शेताकडे बघायचीसुद्धा नाही.

"तिथं माझा वैरी राहतो," म्हणायची. "तू एकटा आत जातोस भूपू, माझ्या जिवाला चैन पडत नाही इथं."

"काही होत नाही वहिनी."

"तुझा दादापण हेच म्हणायचा."

पुढच्या वर्षी बागेत व्हायरस आला. मधल्या भागातली झाडं उपटावी लागली आणि तिथं एक अंगण तयार झालं. चारही बाजूंनी हिरवी भिंत, वर आभाळ. भूपेंद्रनं हे सहज बोलता बोलता निरंजनला सांगितलं. निरंजन त्याचा कॉलेजातला दोस्त. काय धंदा करतो ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही, पण कपडे नेहमी कडक इस्त्रीचे.

"अरे भाई," निरंजन काउंटरवर कोपर टेकवून म्हणाला, "भगवान ने छप्पर फाड़ के दिया है, और तू छप्पर नीट करत बसलाय. बी मी देतो. माल उचलणारे माझे. तू फक्त पाणी सोड."

"शेत वहिनीच्या नावावर आहे."

"मग तर अजूनच बरं. तुझं नाव कुठंय?"

हे वाक्य ऐकून भूपेंद्रनं त्याला दुकानातून हाकलायला हवं होतं. त्यानं चहा मागवला.

कर्ज नव्हतं. दुकान चांगलं चालत होतं. मुलांच्या फिया वेळेवर जात होत्या. कुणी पुढे कधी विचारलंच, तर सांगायला एकसुद्धा कारण नव्हतं, आणि हे त्याला चहा पितानाही माहीत होतं. फक्त आयुष्यात काहीतरी हुशारी करून बघावी असं वाटलं होतं, एवढंच. माणूस उपाशी असला तर त्याच्या पापाला निदान पोट तरी असतं. याच्या पापाला गॉगल होता.

*

राहता राहिला दगा. दगा म्हणजे सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. बागेतली सगळी कामं त्याच्याकडे होती.

"भाऊ, मधल्या भागातलं गवत काढू का?"

"नको. तो आहे तिथं."

"कोण?"

"तोच. दादाला डसला तो. परवा बघितला मी, फणा काढून बसला होता."

नाग एवढा सोपा सापडला की भूपेंद्रला स्वतःचंच नवल वाटलं. पुढे त्यानं नागाला वाढवला. काळाभोर. डोक्यावर दहाचा आकडा. एकदा फूत्कारला. एकदा पंपाच्या खोलीपर्यंत मागे आला. महिन्याभरात गावातल्या दोघांनी तो बघितलापण. मजूर त्या बाजूला फिरकेनात. असा राखणदार कुणाला मिळतो? भाकरी मागत नाही, सुट्टी मागत नाही. त्याला पोसायला सख्ख्या भावाचं मरण तेवढं लागायचं.

नागपंचमीला मालूबाई वाटीभर दूध आणि लाह्यांची पुरचुंडी भूपेंद्रच्या हाती द्यायची. "त्याच्या जागेवर ठेव. म्हणावं, एक घेतलास, आता बस कर."

भूपेंद्र आत जायचा. त्या झाडांच्या मधोमध बसून मोबाइल बघत लाह्या खायचा. दूध प्यायचा. वाटी विसळून परत आणायचा.

"पिला का रे?" ती विचारायची.

"पिला."

*

यंदा मोनालीचं, लीलाधरच्या मुलीचं, लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. आणि मालूबाईच्या मनानं काहीतरी घेतलं.

नागपंचमीच्या सकाळी भूपेंद्र दुकानात होता. तृप्ती, त्याची बायको, सणाला आदल्या दिवशीच निंबोल्याला गेली होती. तिचा फोन आला.

"अहो, ऐका ना. वहिनी शेतात निघाल्यात."

"कुठं?"

"नागाच्या जागी. स्वतः. म्हणतात, पोरीचा मांडव घालायचाय, मनात वैर ठेवून घालणार नाही. नागाला माफ करून येते. मी आहे सोबत, शेजारच्या कौतिकबाईपण आहेत. ताट भरतोय आम्ही."

"अगं, थांबव तिला!"

"मी थांबवू? वहिनीला?" तृप्ती हसली. "आधी तुम्ही थांबवून दाखवा."

त्यानं शटर अर्धं ओढलं आणि गाडीला किक मारली. खंडव्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या मधून त्यानं गाडी अशी काढली की मागून शिव्या आल्या. डोक्यात एकच गोष्ट होती. पोलिसांची नाही, निरंजनची नाही. वहिनी बघेल. वहिनी त्या झाडांकडे बघेल आणि मग माझ्याकडे बघेल.

पंपाच्या खोलीतला विळा घेऊन तो आत धावला. कमरेएवढी झाडं होती, ओली मऊ जमीन. सपासप कापली तरी बायका यायच्या आत काम होणार होतं. तो वाकला. एका झाडाचा बुंधा मुठीत धरला. विळा लावला.

आणि हात थांबला.

लहानपणी आई या दिवशी नखंसुद्धा कापू द्यायची नाही. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं कशी मेली, नागीण रात्री घरात कशी शिरली, ते दरवर्षी सांगायची. तो उसासारखा चघळून चोथा झालेला किस्सा, आणि तोच आता त्याच्या मनगटाला वेटोळं घालून बसला. कापायचं नाही. मग उपटू. उपटायचं पण नाही, जमिनीला ओरखडा काढायचा नाही. विळा पुन्हा लावला. पुन्हा काढला. दोन वर्षं ज्या माणसानं सरकारला जुमानलं नाही, भावाच्या चितेवर हात शेकले, त्याला आज नागपंचमी मोडवेना.

शेवटी त्यानं केळीची वाळकी पानं गोळा केली आणि झाडांवर पसरली. कमरेएवढ्या झाडांवर पानं कशी राहणार? घसरून पडली. मग बाहेरून वहिनीची हाक आली.

"भूपू! आत आहेस का रे?"

*

तो बांधावर जाऊन आडवा उभा राहिला. विळा मागे लपवलेला.

"वहिनी, नको जाऊ. आताच बघितला मी त्याला. चिडलेला आहे."

मालूबाईच्या हातात ताट होतं. हळदीनं काढलेला नाग, लाह्या, दुर्वा. तिच्या मागे तृप्ती, आणि धापा टाकत कौतिकबाई.

"तीन वर्षांत तुला काही केलं नाही त्यानं," मालूबाई म्हणाली. "मला काय करील? सरक."

तो सरकला. वहिनी 'सरक' म्हणाली की तो सरकायचा.

केळीच्या पानांतून वाट काढत तिघी आत गेल्या. भूपेंद्र मागे. तो तिच्या पाठीकडे बघत चालला होता. ती पाठ थांबली तेव्हा तोही थांबला.

आभाळ दिसत होतं. खाली वाळक्या पानांतून ती हिरवी, कंगव्याच्या दातांची पानं वर आली होती, वाऱ्यानं हलत होती. वास तर लपवायचा प्रश्नच नव्हता.

मग कौतिकबाईनं मान पुढे काढली.

"अय माय! हाई काय लायेल शे इथं?"

मालूबाई झाडांकडे बघत होती. तिचं माहेर इच्छापूरचं. देवीच्या जत्रेत गांजाची चिलीम ओढत बसणारे बुवा तिनं लहानपणापासून बघितले होते. तिला काय कळत नव्हतं अशातला भाग नाही. तिनं मागे वळून भूपेंद्रकडे बघितलं. फार वेळ नाही.

"अंबाडी आहे," ती कौतिकबाईला म्हणाली.

"अंबाडी? एवढी?"

"मीच सांगितलं होतं लावायला. दोरासाठी."

"मग मला एक जुडी दे ना बहिणी. उद्या भाजी करते. आमच्या म्हाताऱ्याला अंबाडी म्हटली की दोन भाकरी जास्त जातात."

"नागाच्या जागेवरची आहे कौतिकबाई. ही खायची नाही."

"हां, हां. ते पण खरं," म्हणत कौतिकबाईनं घाईघाईनं हात जोडले.

मालूबाईनं ताट खाली ठेवलं. हळद वाहिली, लाह्या वाहिल्या. दूध ठेवलं. डोळे मिटले, तेव्हा ओठ हलले नाहीत. नागाला ती काय म्हणाली, कुणाला माहीत. आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या बाईनं नुकतंच त्याच्यासमोर खोटं बोलून घेतलं होतं.

"तृप्ती, कौतिकबाईंना घेऊन घरी जा," ती उठत म्हणाली. "पुरणाची दिंडं उकडायला लाव. मी येते मागून."

तृप्तीनं नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून ती कौतिकबाईला घेऊन निघाली.

*

दोघंच राहिले.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि नाग?"

त्यानं मान हलवली. नाही. नव्हताच.

ती ताटातल्या लाह्यांकडे बघत होती. "दरवर्षी मी रात्रीपासून उपास धरायची," ती म्हणाली. तेवढंच. मग: "उपट."

"काढतो, वहिनी. सगळी काढतो. उद्या सकाळीच येऊन..."

"आत्ता."

आणि मग भूपेंद्रच्या तोंडून ते वाक्य गेलं. पुढे कितीतरी दिवस ते त्याला आंघोळीच्या वेळी, गिऱ्हाइकाला औषध मोजून देताना, अधूनमधून आठवायचं आणि तो मोठ्यानं खाकरायचा, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आज नागपंचमी आहे, वहिनी. आज उपटू नये."

मालूबाईनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. घरात कुणी अनोळखी माणूस येऊन बसलेला दिसावा, तसं. मग तिनं पदर खोचला, वाकली, आणि पहिलं झाड दोन्ही हातांनी ओढून काढलं. मुळांना माती लोंबत होती. दुसरं. तिसरं. हळदीचे हात काळे, चिकट व्हायला लागले. ज्या बाईनं जन्मात या दिवशी भाजी चिरली नव्हती, ती जमीन उचकटत होती.

भूपेंद्र पुढे झाला. "वहिनी, मी..."

"राहू द्या. तुमचा सण आहे."

तो उभा राहिला. हातात अजून विळा होता, तो कुठे ठेवावा तेही कळेना. सगळी झाडं निघेपर्यंत तो तसाच उभा होता. तिनं ती ओढत ओढत शेजारच्या पडक्या विहिरीत टाकली आणि वरून केळीची कुजकी खोडं लोटली. खोड लोटतानाही त्यानं हात लावला तेव्हा तिनं आपला काढून घेतला.

"हे शेत मोनालीचं आहे," जाताना ती म्हणाली. "तिच्या लग्नात तिच्या आईला धरायला पोलीस आले असते, तर मांडवात तुम्ही काय म्हणाला असता? अंबाडी?"

*

घरी दिंडं झाली होती. तिनं सगळ्यांना वाढलं, त्यालाही वाढलं. तूप सोडलं. "बसा, घ्या," म्हणाली.

निरंजनला त्यानं फोनवर सांगितलं की व्हायरस आला. निरंजननं पुष्कळ आरडाओरडा केला. त्या शिव्या ऐकताना भूपेंद्रला जरा बरं वाटलं, निदान कुणीतरी दिल्या म्हणून.

दिवाळी झाल्यावर तो निंबोल्याला गेला. मालूबाई अंगणात डाळ निवडत होती.

"वहिनी, कन्यादानाला मोनालीच्या मामांना बसवा. मी नको."

त्याला वाटलं होतं, ती 'बरं' म्हणेल. तेवढ्यासाठीच तो आला होता. ती 'बरं' म्हणाली असती, तर फिटलं असतं काहीतरी.

"लोक विचारतील," मालूबाई सूप पाखडत म्हणाली. "मग मला परत खोटं बोलावं लागेल. तुम्हीच बसा."

तो बसला. नवं धोतर, खांद्यावर उपरणं, शेजारी तृप्ती. भटजींनी ओंजळ धरायला सांगितली. मोनालीचा मेंदीचा हात त्याच्या हातावर आला. वरून पाण्याची धार धरायला मालूबाई पुढे झाली नाही, ते काम तृप्तीनं केलं. मोनाली रडत म्हणाली, "काका, पप्पा असते तर..." आणि भटजी म्हणाले, "काका आहेत ना बेटा, रडू नको." मांडवातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भूपेंद्रनं वर बघितलं नाही. ओंजळ मात्र गळू दिली नाही.

मालूबाई लग्न होऊन निंबोल्यात आली तेव्हा भूपेंद्र सात वर्षांचा होता, आणि पहिले काही महिने तो तिच्याच ताटात जेवायचा.