तिकडचा शेवटचा कायदा

"ओली लाकडं विकतात मेले, आणि धूर शोधत येतो तो माझेच डोळे," एनेलेस पुटपुटली. आज धूर सोयीचा होता. डोळे पुसायला निमित्त झालं.

इस्पितळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बायका आपापल्या रुग्णासाठी रांधत. शेजारच्या चुलीवर मेर्विस मक्याची पेज ढवळत होती, लेकीसाठी. लेक, मलिता, पहाटेच गेली होती. मलेरियानं अंगातलं रक्त आटलेलं, आणि राजधानी लिलोंग्वेहून यायचं रक्त आलंच नाही. गाडीत डिझेल नव्हतं. वॉर्ड झाडणारीनं नळावर सगळ्यांना सांगितलं, मेर्विस सोडून. रीतच तशी. आईला असली बातमी द्यायची ती तिच्या भावानं. तो तीन गावं पलीकडून सायकलवर निघाला होता. तोवर हिला इथंच बोलण्यात गुंतवायचं.

"मग, आज तिकडे काय नवीन?" एनेलेसनं विचारलं.

'तिकडे' म्हणजे मलिताला आणल्यापासून नऊ दिवसांत दोघींनी चुलीपाशी वसवलेलं गाव. तिकडे गाडीची टाकी कायम भरलेली. मंत्र्याची लेकही याच वॉर्डात निजते, म्हणून गाद्या नव्या. मेर्विस बांधायची, एनेलेस पाडायची. "गाद्या नव्या? मग जुन्या कुणाच्या घरी गेल्या?" हसता हसता पेज उतू जायची.

"तिकडे रक्त नळासारखं," मेर्विस म्हणाली. "तोटी सोडली की आलं."

"हो."

"आणि लाकडं सुकी. फुकट."

"बरोबर."

मेर्विसचा हात थांबला. "अगं, फुकट म्हटलं मी. परवा याच्यावरूनच भांडलीस ना, की मग जंगल कुणाच्या बापाचं?"

एनेलेसनं चुलीत लाकूड सारलं. तिनं फाटकाकडे पाहिलं. सायकल नव्हती.

मेर्विसनं पेज वाडग्यात ओतली, वर ताटली झाकली, चितेंजेच्या कापडात घट्ट गाठोडं बांधलं. मांडीवर घेऊन बसून राहिली. उठलीच नाही.

"एक कायदा राहिला," ती हळूच म्हणाली. "तिकडे आईला सगळ्यांच्या आधी सांगतात. भावाची वाट बघत नाहीत. याला तरी नाही म्हण, एनेलेस."

एनेलेसनं तिच्या मांडीवरचं गाठोडं उचलून खाली ठेवलं. अजून गरम होतं.

"नाही म्हणवत नाही गं," ती म्हणाली. "मलिता गेली. पहाटे."