लिनेआ व्हालो कोणाची पोर?

तेव्हा हेलसिंकीत एखादं इंग्रजी गाणं गाजलं की आठवड्याभरात त्याची फिनिश तबकडी दुकानात यायला हवी, नाहीतर दुसरी कंपनी आणायची. अशाच एका गाण्याचे फिनिश शब्द कंपनीचा गीतकार आर्नेनं सकाळी ट्राममध्ये बसून लिहिले आणि दुपारी मी ते गायले.

मी जॅझ गाणारी. शनिवारी रेस्तराँत इंग्रजीत गायचे, आणि त्याचा मला तोरा होता. पण जॅझची तबकडी कोण काढणार? म्हणून हो म्हटलं. आमचा ड्रमवाला रेइनो सगळ्यांसमोर म्हणाला, "आउनेबाई आता फिनिश गाणी घेऊन लाकूडतोड्यांच्या नाचाला जाणार वाटतं!" ते झोंबलं.

गाणं संपल्यावर कंपनीच्या लिंडरोसना म्हटलं, "तबकडीवर माझं नाव घालू नका."

"मग काय बायकोचं घालू?"

"कोणाचंही घाला."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं; आमच्याकडे त्यात रोजच्या तारखेला एकेक नाव असतं. "आज लिनेआचा नामदिवस. लिनेआ व्हालो. चालेल?"

"चालेल."

माझी आई दूर कुह्मोला राहायची. माझं जॅझ रेस्तराँतून थेट रेडिओवर दोनदा लागलं होतं. दोन्ही वेळा तिनं विचारलं, "आवाज गोड गं, पण म्हणत काय होतीस?"

महिन्याभरानं तिचं पत्र आलं.

"रविवारी कॉफी ओतत होते, तर रेडिओवर एक मुलगी गायली. लिनेआ व्हालो म्हणे. कोणाची गं पोर? ओळीच्या मधेच श्वास घेते, अगदी तुझ्यासारखी. ओळख असेल तर तिच्या आईला कळव, या वेळी शब्द न् शब्द कळला. आणि पोरीलाही विचार, घरचं नाव कुठं हरवलं?"

पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तशीच लिंडरोसकडे गेले.

"दुसरी खेप छापताय ना? त्यावर आउने केटुनेन घाला."

"वेड लागलंय का तुला? लोक लिनेआला मागतायत. तुझं नाव कोणाला ठाऊक आहे?"

"एका बाईला."

कुरकुरत का होईना, त्यांनी बदललं. रेइनोनं आठवडाभर मला लाकूडतोडीणबाई म्हणून हाक मारली. दुसरी खेप पहिल्याइतकी खपली नाही.

त्यातली एक आईनं कायानी शहरापर्यंत बसनं जाऊन विकत आणली. वाजवायला घरात यंत्र नव्हतं. घड्याळाशेजारी खिळ्याला लावून ठेवली होती, नावाची बाजू बाहेर करून.