मेस्त्रीची बोटं

मेस्त्रीच्या गॅरेजात तेलाच्या डब्यांवर कधी चिठ्ठी नसे. एका डब्यात घट्ट तेल, जुन्या झिजलेल्या इंजिनांसाठी. दुसऱ्यात पातळ, नव्या गाड्यांसाठी. डबे मात्र सारखेच मळकट. कोणी विचारलंच, "मेस्त्री, ओळखता कसे?" तर तो अंगठा बोटावर चोळून दाखवी. "कागद खोटं बोलतो, बोट नाही बोलत." चाळीस वर्षं हा तोरा चालला, आणि खरं सांगायचं तर त्याला शोभलाही.

पण गेले सहा महिने ती बोटं मुकी झाली होती. शर्टाची बटणं लागत नव्हती, नट हातातून निसटत होते. हे त्याने कोणाला सांगितलं? छे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती याने बायकोपुढेही उघडली नाही.

त्या सकाळी नर्सबाई गाडी घेऊन आल्या. गाडी तीस वर्षांची, बाईंच्या नोकरीइतकी जुनी.

"दुपारी निघते, मेस्त्री. डोंगरापलीकडून आईला कायमचं आणायचंय. तिला आता एकटीला झेपत नाही. वाटेत दगा नको."

"बिनघोर जा."

त्याने डब्यात बोट बुडवलं, चोळलं, मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. तरी तेच तेल ओतलं. लाजेपोटी माणूस काय काय करतो, देव जाणे.

दुपारी जेवताना बायकोने शेगडीवरून उतरवलेलं भांडं त्याने हातानेच बाजूला सरकवलं.

"अहो, आत्ता उतरवलंय ते." तिने त्याचा हात ओढून पाहिला. कातडी लाल झाली होती. "कधीपासून आहे हे?"

तो ताटावरून उठला तो थेट गॅरेजात गेला. खिडकीची एक फुटकी काच शोधली, तिरकी धरली, आणि दोन्ही डब्यांतला एकेक थेंब तिच्यावर सोडला. एक थेंब रमतगमत खाली आला. दुसरा सुळकन गेला. सकाळचं नरसाळं अजून त्या दुसऱ्याच डब्यावर होतं.

झिजलेल्या इंजिनात पातळ तेल, वर डोंगराची चढण. अर्ध्या वाटेत इंजिन जाम होणार, आणि येताना गाडीत बाईंची म्हातारी आई. गप्प बसलो तर? गाडीच जुनी, असंच लोक म्हणतील. हाही विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. त्याने घट्ट तेलाचा डबा सायकलला बांधला.

तो बाईंच्या घरी पोचला तेव्हा त्या निघायच्या बेतात होत्या. मागच्या सीटवर आईसाठी उशा रचलेल्या होत्या.

"बाई, तेल चुकलं. माझी बोटं गेलीत. मला आता काही कळत नाही." एका दमात बोलून तो गाडीखाली शिरला आणि सगळं तेल बदलून होईपर्यंत बाहेर आला नाही.

त्याने हात धुतले तशी बाईंनी पिशवीतून सुई काढली. "बसा पायरीवर. डोळे मिटा, आणि टोचलं की सांगा."

त्याने डोळे मिटले. नळ ठिबकत होता. बाई हात धरून बसल्या होत्या, एवढं त्याला मनगटापाशी कळत होतं. तो वाट बघत राहिला.

"करा ना सुरू," तो म्हणाला.

"पाचही झाली, मेस्त्री."

त्याने डोळे उघडले. पाच बोटांवर रक्ताचे पाच ठिपके होते. त्याला रडू आलं, आणि या खेपेला त्याने ते लपवलं नाही.

बाईंनी कापसाने एकेक बोट पुसलं. "गुरुवारी दवाखान्यात या, मी आलेली असेन. साखर तपासू. आणि हे तेल कसं ओळखलंत?"

"काचेवर ओघळवून. डोळ्यांनी."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, आणि आईला आणायला निघाल्या.