बांधावरचं देवभात

आवडीला सासूने परत पाठवलं, तेही चोर म्हणून. चार महिन्यांचं पोट आणि हातात एक गाठोडं घेऊन ती कशेडी घाटाच्या पायथ्याच्या वाडीत आईच्या दारात उभी राहिली, तेव्हा येसूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

"आये, मी भात झोडून तुज्याकडं धाडलं म्हनतात. शेतात लोंब्या रिकाम्या उभ्या हायत."

हे ऐकून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? येसूबाईचं तर एरवीही राहत नसे. त्या शेतात पेरलेलं बियाणं तिनेच लेकीच्या ओटीत घातलेलं होतं. जांभळ्या पानांचं भात. दोन वर्षांपूर्वी शेतकी खात्याच्या साहेबाने ते वाडीत आणलं. भातात रानचं देवभात उगवतं. रोप असताना दोन्ही हिरवीच, ओळखू येत नाहीत, आणि पिकायला आलं की देवभात आपले दाणे चिखलात टाकून मोकळं होतं. पीकच जांभळं असलं, तर हिरवं दिसेल ते उपटायचं, काम झालं. जाताना साहेबाने बजावलं होतं, की बांधावरही देवभात ठेवू नका. फुलोऱ्यात वाऱ्याने त्याची धूळ तुमच्या लोंब्यांवर बसते आणि पुढचं बी बाटतं.

येसूबाईने सगळं उपटलं, बांधावरचा एक कोपरा सोडून. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, न नांगरता आपसूक उगवलेलं देवभातच चालतं. मग बाईने खायचं काय, साहेबाची टोपी? पुरुषाला त्यातलं काय कळतंय, म्हणत तिने कोपरा राखला.

पुढच्या साली त्याच कोपऱ्याशेजारी काही रोपं अशी माजली की बघत राहावं. उंच, गर्द जांभळी. खाली थोडे दाणे सांडलेले दिसले, ते तिने चिमण्यांच्या माथी मारले. लेकीचं लग्न ठरलं होतं. तिला अव्वल बी द्यायचं म्हणून तिने त्याच लोंब्या कापणीच्या जरा आधी हाताने खुडल्या. स्वतःला शेतातलं मधलं ठेवलं, लेकीला बांधाकडचं दिलं.

आवडी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी तेच गाठोडं घेऊन तिच्या सासरी, बिरवाडीला पोचल्या. आवडीची सासू तुळसाबाई शेतातच होती. मुलगा हैबती मुंबईला गोदीत, त्यामुळे घरदार, शेत आणि शेवटचा शब्द, सगळं तिचंच.

"या विहीणबाई. बगा लेकीची कमाई."

येसूबाई भांडायच्या तयारीनेच आली होती. पदर खोचून ती शेतात उतरली आणि अजून दाणे असलेली एक लोंबी तिने धरली. धरली मात्र, दाणे झरझर गळून खाली पडले. दुसरी धरली, तेच. नुसती फुंकर घातली, तरी तेच. पायाखाली चिखलात दाणेच दाणे होते. कुणी काही चोरलंच नव्हतं.

"देवभात," ती कशीबशी म्हणाली. "जांभळं देवभात."

"कसं व्हईल? हिरवं येक रोप ठेवलं नाय आमी!" तुळसाबाईने स्वतः लोंबी हलवली आणि ती बांधावर बसली.

येसूबाईला रडू आवरेना. कोपरा, पंचमी, वाऱ्याची धूळ, सगळं तिने सांगून टाकलं. "पोरीनं काय नाय केलं. बी माज्या हातनं बाटलं."

चोरीचा आळ गेला. पण तुळसाबाई आता आवडीच्या पोटाकडे बघत होती.

"दिसायला येवढं झ्याक नि आतनं बाटलेलं. त्याच घरची ही पोर. हिच्या पोटातनं काय निघंल, कुनी सांगावं?"

लेकीसाठी निवडून निवडून दिलं, आणि त्यावरून हे ऐकायची वेळ यावी! येसूबाईला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

आवडी सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाय, आयेचं भात सरळ होतं. वंगाळपना आला तो बांधावरनं, वाऱ्यासंगं, बापाकडनं. माज्या पोटातल्याचा बाप तुमचा लेक हाय. आता बोला."

तुळसाबाई उठली, आवडीच्या हातातलं गाठोडं तिने काढून घेतलं आणि सुनेला पुढे घालून घराच्या वाटेला लागली.