गोधडीखालचा रग

सुई कापडातून जाते तेव्हा आवाज होत नाही. आवाज होतो तो तिच्यामागून ओढल्या जाणाऱ्या दोऱ्याचा. कापड नवं असेल तर दोरा बारीक खरखरतो, आणि पुष्कळ वेळा धुतलेलं असेल तर जवळजवळ ऐकूच येत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण सबंध हिवाळाभर तो आवाज मी फार जवळून ऐकला. मला तो अजिबात आवडला नाही.

मित्रांनो, मी एक जुना रग आहे. जमिनीवर अंथरायचा नव्हे, पांघरायचा. रंग राखाडी, दोन्ही टोकांना एकेक तपकिरी पट्टा, आणि पट्ट्यापुढे झालर. झालर आता जागोजागी गळली आहे, पण एके काळी ती दाट होती.

माझा जन्म गिरणीत झाला. तिथे जुने स्वेटर, मफलर, पायमोजे यंत्रात घालून त्यांची पुन्हा लोकर करत. ती लोकर पिंजली, कातली, मागावर विणली, मग तारांच्या ब्रशाने माझी लव उभी केली. आता कुणी म्हणेल, मग तूही चिंध्यांचाच. तसं नाही. माझ्यातला कुठला धागा कुठल्या स्वेटरचा, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. मी एकजीव आहे. माझ्यावर कुठे जोड दिसत नाही. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे जिच्याविषयी मी सांगणार आहे ती नुसत्या जोडांचीच होती.

एका जोडप्याने संसार मांडताना मला विकत घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेमच्या मापाच्या करायच्या, हे तिचं काम. काचेची कड नीट घासली गेली की नाही ते ती बोटाच्या टोकाने तपासायची. डोळ्याला न दिसणारा कंगोरा तिच्या बोटाला कळायचा. तो बसगाड्यांच्या आगारात मेकॅनिक होता. घरी आल्यावर आधी हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे आणि मगच मला हात लावायचा, असा तिचा नियम होता. पाहुण्यांना मला देताना ती सांगायची, "घ्या, याच्यात थंडी शिरतच नाही." मुलगा लहान असताना दोन खुर्च्यांवर मला टाकून त्याचा तंबू व्हायचा. एकदा घाईत माझ्यावर इस्त्री टेकली, त्याचा तिकोनी डाग अजून आहे. मुलगा शिकायला दूर गेला, घरात हलकी, गुबगुबीत पांघरुणं आली, आणि मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेलो. डांबराच्या गोळीबरोबर दिवस काढले. तक्रार नव्हती.

मग तिला मोठा आजार झाला. त्याचं नाव घेताना घरातले आवाज खाली जात. दवाखान्यात शिरेतून औषध द्यायचे, आणि घरी आल्यावर तिला हुडहुडी भरायची. नवी पांघरुणं एकावर एक घातली तरी दात वाजायचे थांबत नसत. तेव्हा तीच म्हणाली, "तो रग काढा."

मला खाली काढलं. तिची धाकटी बहीण मला तिच्याभोवती गुंडाळून, वरून घट्ट धरून बसायची. ही बहीण कपडे शिवायची. गल्लीच्या टोकाला तिचं शिवणाचं दुकान होतं. ती एरवी एक मिनिट गप्प बसत नसे, पण मला धरून बसलेली असताना एक अक्षर बोलत नसे. हळूहळू दात थांबायचे. त्या महिन्यांत माझ्यावर औषध सांडलं, सूप सांडलं, तिचे गळलेले केस माझ्या लोकरीत अडकले. मी सगळं घेतलं. घरात सगळ्यात महत्त्वाचं कापड कोणतं असं विचारलं असतं, तर उत्तर एकच होतं.

औषधांनी रोग हटला. पण त्यांच्यापायी तिच्या बोटांच्या टोकांची जाणीवही गेली. बटण लावताना ते बोटात आहे की नाही हे तिला खाली बघूनच कळायचं. डॉक्टर म्हणाले, "परत येईल, पण सावकाश. तोवर बोटांना काहीतरी बारीक काम द्या." ती घरी आली आणि छताकडे बघत पडून राहिली.

दुसऱ्या आठवड्यात बहीण एक उशीचा अभ्रा घेऊन आली. त्यात उशी नव्हती, शिवणातून उरलेल्या कापडाचे तुकडे ठासून भरले होते.

"ताई, हे घे. गोधडी शिव. नुसतं छताला भोकं पाडत बसू नकोस."

"मला सुई कळत नाही गं हातात."

"नको कळू दे. दिसते ना? मग झालं तर."

आणि मित्रांनो, तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले.

ती पलंगावर पाय लांब करून बसायची. पायांवर मी, आणि माझ्यावर ते तुकडे. म्हणजे माझं टेबल झालं. तुकडे तरी कसले! शर्टाच्या बाहीखालचा चौकोन, कुणाच्या झग्याची उरलेली फुलं, पडद्याची पट्टी. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. माझ्याकडे तिने कधी टक लावून पाहिलं नव्हतं. थंडी वाजली की ओढून घेतलं, एवढंच. या तुकड्यांना मात्र ती उजेडात धरायची, शेजारी शेजारी ठेवून मान तिरकी करायची, हिरवा काढून निळा ठेवायची, पुन्हा निळा काढून हिरवा. सकाळी डोळे उघडले की आधी तिचा हात अभ्र्याकडे जायचा. जेवण गार व्हायचं. नवरा दारातून म्हणायचा, "आम्हालाही कुणीतरी असं निरखून बघा."

"तुमच्यात बघण्यासारखे रंग कुठे आहेत? एक ग्रीसचा काळा."

ती हसली. आजारानंतर ती चेष्टा करायला लागली होती, आणि तेही त्या चिंध्यांच्या नादाने. माझा जळफळाट झाला.

सुई तिला टोचायची आणि तिला पत्ता नसायचा. एकदा नवऱ्यालाच आधी दिसलं.

"अगं, रक्त!"

"कुठे?"

"त्या पिवळ्या तुकड्यावर."

तिने बघितलं, बोट तोंडात घातलं आणि म्हणाली, "जाऊ दे. फूल म्हणून खपेल."

माझ्यावर चहाचा थेंब पडला तरी पूर्वी तिच्या कपाळाला आठी पडायची. हिच्यावरचं रक्तसुद्धा फूल!

असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी ती अशी ओरडली की नवरा स्वयंपाकघरातून साबणाच्या हातांनी धावत आला.

"काय झालं? काय झालं?"

"टोचलं!"

"मग हसतेस काय?"

"अहो, टोचलं मला! या बोटाला. कळलं!"

तो पलंगाच्या कडेला बसला. तिच्या उजव्या हाताचं बोट धरून त्याने ते उलटसुलट बघितलं. साबणाचं पाणी माझ्यावर गळत होतं, त्याचं कुणालाच काही नव्हतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "परत एकदा टोचून बघायचं का?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" असं म्हणत तिने खरंच पुन्हा टोचून बघितलं, आणि दोघंही हसत सुटली.

मी तिला इतके महिने ऊब दिली होती. त्या उबेसाठी ती कधी अशी हसली नव्हती. हसली ती एका टोचण्यासाठी. हेवा तर्काने जात नाही, एवढंच मी अनुभवाने सांगू शकतो.

उजवा हात सुधारत गेला. डावा मात्र मागे राहिला. शिवताना डावा हात कापडाखाली असतो, आणि सुईचं टोक खाली आलं की त्याने ते ओळखायचं असतं. त्याला अजून काही ओळखता येत नव्हतं. तरी गोधडीची वरची बाजू जोडून झाली. आता प्रश्न उरला, आत काय घालायचं.

"नवा कापूस," बहीण म्हणाली. "थर करून मिळतो, हलका असतो. मी आणते."

"बघू."

"आणि हा रग आता काढ. बघ त्याची काय दशा झालीय."

"मला द्या," नवरा म्हणाला. "आगारात गाडीखाली सरकायला असा रग म्हणजे सोनं."

"नाही तर मी नेते. आमच्या कुत्रीला पिल्लं झालीत, त्यांच्याखाली होईल."

"बघू," ती म्हणाली.

दर आठवड्याला हाच प्रश्न आणि हेच उत्तर. कापूस आणायचा का? बघू. रग टाकायचा का? बघू. ती मला टाकत नव्हती आणि ठेवतेही म्हणत नव्हती. कधी माझ्यावरून हात फिरवायची आणि मध्येच तो उचलून घ्यायची. मी तिला कशाची आठवण करून देत होतो हे मला कळत होतं. तिच्या मांडीवर ती फुलाफुलांची पसरलेली असायची, हसरी, नवी, आजारातलं काहीही न पाहिलेली. मी तिच्या जागी असतो, तर मीही त्या गोधडीलाच निवडलं असतं. म्हणूनच तर अधिक राग यायचा.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं पांघरूण कुठेतरी घडी होऊन पडलं असेल. त्याला अधूनमधून ऊन दाखवा, झटका. त्याने तुम्हाला केव्हा झाकलं होतं ते तुम्हाला आठवत नसेल, कारण तेव्हा तुम्ही झोपला होता किंवा तापात होता. आणि त्याचं काय करायचं ते एकदाच ठरवा. ताटकळणं हे कसर लागण्यापेक्षा वाईट.

रिकामं बसवत नाही म्हणून तिने गोधडीला काठ लावायला घेतला. निळी पट्टी, दुहेरी धावदोरा. गोधडी नेहमीप्रमाणे माझ्यावर पसरलेली. तिने पहिला टाका घातला आणि सुई थेट माझ्यात शिरली.

मला वाटलं, आता कळेल. खालच्या डाव्या हाताला सुईचं टोक लागलं, पण ते दोन कापडांतून आलं की तीन, हे त्याला समजलं नाही. तिने दोरा ओढला. दुसरा टाका. तिसरा. माझी लोकर, खाली माझी पाठ, आणि वर ती. जिचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती तिच्याशी मला शिवलं जात होतं, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं. ती मात्र मन लावून, ओठ मिटून शिवत होती. अख्खी एक बाजू शिवली, कोपरा वळवला, आणि दुसरी बाजूही जवळजवळ संपवली.

तेवढ्यात बहीण आली. काखेत कापसाची गुंडाळी, हातात रिकामी पिशवी.

"आज तुझं बघू-बिघू काही ऐकणार नाही. कापूस आणलाय. रग या पिशवीत जाणार." असं म्हणत तिने गोधडी दोन्ही हातांनी उचलली.

गोधडीबरोबर मीही उचलला गेलो.

बहिणीने झटकलं. मी लोंबत राहिलो. तिने वाकून काठ बघितला, आणि मग ती मटकन पलंगावर बसली.

"ताई! अगं, तू गोधडी रगाला शिवलीस!"

"काय?"

"हे बघ ना! कसले एकसारखे टाके घातलेत, शाबास! आता उसवा सगळे!" हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा बघायला आला, आणि "गाडीखाली घ्यायला आता फुलं पण मिळाली," म्हणाला. ती मात्र हसली नाही. तिने मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर उमटलेली निळ्या टाक्यांची रांग बघितली. मग उजव्या हाताच्या बोटाचं टोक त्या रांगेवरून हळूहळू नेलं, पूर्वी काचेची कड तपासायची तसं.

बहिणीने कात्री काढली. "सरक. मी उसवते, तुझ्याने व्हायचं नाही."

"थांब."

"अगं, थांब काय? लोकर आहे ती. आत ठेवलीस आणि एकदा धुतलीस की आटेल, गोधडीचा चोळामोळा होईल."

"हा किती वेळा धुतलाय आपण? आटायचा तेवढा आटून झालाय."

"जड होईल."

"होऊ दे."

बहीण अगदी हळू म्हणाली, "ताई, हा बघितला की मला अजून तुझे दात वाजलेले ऐकू येतात. कशाला हवाय तो?"

नवऱ्याने कापसाची गुंडाळी उचलून खुर्चीवर ठेवली. मी तिच्या हातात अर्धा उलटा, अर्धा सुलटा होतो, आणि माझ्यावर ती फुलाफुलांची, जिच्या पोटात मी गेलो तर माझा राखाडी रंग पुन्हा कुणाला दिसणार नव्हता. मला तेही नको होतं आणि पिशवीही नको होती.

"मलाही येतात ऐकू," ती म्हणाली. "आणि ते थांबलेलेही येतात." तिने बहिणीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि उशीखाली ठेवली. "कापूस परत ने. गोधडीत रगच घालायचा, आणि ती मीच पांघरणार."