ओंजळीतलं दूध

तुम्ही विलायतेत त्याला दूध ओतायला लावलंत. का ओतायचं, ते सांगितलं नाहीत. गोऱ्या शेतकऱ्याला सांगितलंत, त्याच्या बायकोला सांगितलंत, तुमच्या वर्तमानपत्रांना उशिरा का होईना सांगितलंत. गोठ्यातल्या काळ्या गड्याला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणतो, तुमच्या मोजणीत तो माणूस नव्हताच.

आता त्याचा हा काटेवाडीचा गोठा बघा.

सकाळचं धुकं कालव्यावरून उठून उसात शिरलंय. तांबू गाय व्याल्यापासूनचं देवाचं दूध काल संपलं; आजची पहिली धार घरची. सोनबानं ती काढली. चरवीत फेस चढला, वर पातळ वाफ तरंगू लागली. दारात त्याची आई साखरबाई उभी होती. तिच्या कडेवर वर्षाची नात, भागू.

"घे ओंजळीत," म्हातारी म्हणाली. "पोरगी कवाधरनं वाट बघतीया."

"तू पाज, आये."

"मी कशी पाजू? धार कुणी काढली?"

चरवी खाली ठेवून सोनबा गाईच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

त्यांच्या घरची ही रीत होती. नव्या दुधाची धार ज्यानं काढली, त्यानं ओंजळभर दूध घ्यायचं, आपण घोटभर प्यायचं आणि उरलेलं घरातल्या धाकट्या लेकराला त्याच ओंजळीतून पाजायचं. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडत होते तेव्हापासून ही रीत चालत आलेली. कालव्याचं पाणी बघून सोनबाच्या बापानं मेंढरं विकली, गाई घेतल्या. रीत तेवढी तीच राहिली.

शेजारचा रावजी कुडाला टेकून चिलीम ओढत होता. "आवं काकू, सायेब हाय त्यो आता. विलायतेत काचंच्या पेल्यात पेत्यात. ओंजळ कुठली ठावं त्याला?"

चुलीपाशी बसलेल्या बानूबाईनं, सोनबाच्या बायकोनं, मान वर केली नाही. "सायेब आसतं तर बरंच झालं आसतं, भावजी. सायेब सुदीक पोटच्या पोरीला हात लावतो."

रावजीची चिलीम तोंडापर्यंत आली होती, ती तिथंच थांबली. दसऱ्यापासून सोनबानं भागूला उचललं नव्हतं, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो उसाच्या बांधानं निघून गेला.

सोनबा तरणा असताना मुंबईला गेला आणि बोटीच्या पोटात कोळसा ओढू लागला. विलायतेच्या एका बंदरात तापानं पडला; बोट त्याला तिथंच टाकून गेली. बरा झाल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला गाईंकडं ठेवलं. भाषा येत नव्हती. गाईंचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

ते गाव त्याला झोपेत पाहिल्यासारखं आठवतं. हिरवं इतकं की डोळे मिटले तरी आत हिरवंच. दगडी बांध, बांधाकडेला मेंढरं, आणि लांब समुद्राच्या अंगाला उंच धुराडी. त्यांतून धूर निघताना त्यानं कधी पाहिला नाही. धूर नसलेलं धुराडं कशाला बांधतात, याचं त्याला नवल वाटायचं.

मग दिवाळीच्या सुमाराला, तिथं दिवाळी नव्हती, पण गाईंच्या अंगावरची थंडी तशीच होती, तुमचा एक टोपीवाला मोटारीतून आला. फाटकाशी उभं राहून म्हाताऱ्याशी बोलला. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं सोनबाला दुधाची भांडी दाखवली आणि मग चर दाखवला. ओत.

सगळ्या पंचक्रोशीनं ओतलं. चर पांढरे, ओढे पांढरे, समुद्रात एक पांढरी जीभ गेलेली. पहाटे धुकं कुठं संपतं आणि दूध कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. हवेला आंबूस वास. सोनबा भांडं कलतं करायचा आणि हात अडायचा. आईचं बोलणं कानात घुमायचं: सांडायचीच येळ आली तर आधी आपल्या पोटात, मग मातीच्या पोटात. न पिता दूध मातीला देणारा हात झडतो म्हणायची ती. म्हणून तो दर भांड्यातलं पेलाभर आधी प्यायचा, हात जोडायचा आणि मग ओतायचा.

एकदा म्हाताऱ्यानं ते पाहिलं. धावत आला, पेला हातातून उडवला, डोळ्यांत पाणी आणून काहीतरी ओरडला. सोनबाला वाटलं, चोरी धरली. त्याला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो गोठ्यामागं लपून प्यायला. ओतणं थांबेपर्यंत प्यायला.

परतीच्या बोटीवर एक रत्नागिरीकडचा खलाशी होता, इंग्रजी वाचणारा. त्यानं सांगितलं, "त्या धुराड्याखाली अणूची भट्टी होती रे. ती पेटली. इख वाऱ्यानं गवतावर पडलं, गवतातनं दुधात उतरलं."

"कडू न्हवतं की. ग्वाड व्हतं."

"त्याला चव नाय, वास नाय. दिसतसुद्धा नाय."

सोनबा हसला. जे दिसत नाही, हुंगता येत नाही, ते विष कसलं? तो घरी आला, कामाला लागला, भागू झाली.

ह्या पावसाळ्यात त्याच्या गळ्याशी सुपारीएवढी गाठ आली. तेव्हा मात्र खलाशाचा शब्द न शब्द आठवला. बारामतीच्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली. सोनबानं विलायतेचं नाव काढलं तसं त्यांनी विचारलं, "विलायतेत काय करत होतास?"

"दूध वतत हुतो. आन् पीत हुतो."

डॉक्टरांना हसू आलं. सगळं ऐकल्यावर ते ओसरलं. "ही गाठ त्या दुधाची की आपली साधी, मला सांगता येणार नाही. पुण्यातसुद्धा कुणाला सांगता येईल असं वाटत नाही."

"माजं ऱ्हाऊ द्या, डाक्टर. माज्या हातातनं पोरगी प्याली, तर तिला?"

"ज्यांची भट्टी, त्यांना ठाऊक," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून सोनबाला एकच स्वप्न पडतं. कालवा पांढरा वाहतोय. काठाला भागू ओणवी झालीय. तो हाक मारतो, पण हाक गाठीत अडकते. आणि दूध किती सुंदर दिसतं त्या स्वप्नात, चांदण्यासारखं, आवाज न करता वाहणारं.

हे सगळं त्यानं आज, गाईच्या पाठीवर हात ठेवून, पहिल्यांदा सांगितलं. तुटक तुटक सांगितलं. बानूबाईच्या हातातली फुंकणी मांडीवर पडली. तांबू वासराला चाटत होती.

साखरबाई चरवीपाशी येऊन बसली. "मीच शिकिवलं तुला," ती म्हणाली. "आधी पोटात घ्यायचं म्हून."

"तुला काय ठावं, आये."

"मला न्हवतं ठावं. ज्येला ठावं हुतं त्येनं का न्हाय सांगितलं?"

म्हातारीनं भागूला खाली सोडलं, पदरानं तोंड पुसलं आणि चरवी पुढं सरकवली. "आन हिकडं ओंजळ."

"आये, नगं."

"भर म्हन्ते ना. माजं काय व्हायचं ऱ्हायलंय आता? आधी माज्या पोटात."

त्यानं चरवीपाशी बसून ओंजळ बुडवली. दूध बोटांच्या फटींतून गळत होतं. म्हातारीनं वाकून त्याच्या हातांना तोंड लावलं आणि संथपणे, वासरू पितं तसं, सगळं पिऊन टाकलं. मग तिनं त्याचे ओले तळवे आपल्या गालांवर धरले.

भागू गाईचा पाय धरून उभी राहिली. आजीचं बघून तिनंही तोंड उघडलं. सोनबानं नव्यानं ओंजळ भरली आणि ती भरलेली घेऊन तसाच बसून राहिला, पुढं करेना, मागं घेईना. बानूबाई उठून उभी राहिली होती. ये म्हणत नव्हती, नको म्हणत नव्हती.

म्हातारीनं स्वतःचं स्वतः ठरवलं. पोरीचं कोण ठरवणार? तुम्ही भट्टी बांधलीत, तुम्हीच ती पेटू दिलीत, गवत कुठवर तपासायचं तेही तुम्हीच ठरवलंत. तेव्हा तुम्हाला ठाऊक असणार. ठाऊक नसेल तर तसं बोला, तेही चालेल. पण काटेवाडीच्या गोठ्यात येऊन, ह्या माणसासमोर बसून बोला. त्याच्या ओंजळीतलं दूध निवत चाललंय आणि पोरगी तोंड उघडून उभी आहे.

तिला पाजायचं की नाही?